टिकणं आणि जिंकणं : ‘सहा दिवसां’च्या शर्यतीची शतकभराची गोष्ट



आज आपण मोटरसायकलच्या एका शर्यतीचा इतिहास पाहणार आहोत. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. त्याचं उत्तर ओघात येईलच, पण थोडक्यात आत्ताच सांगतो. ‘भरवसा’ म्हणजे नेमकं काय? आणि ‘टिकणं’ व ‘जिंकणं’ या एकच गोष्टी आहेत का? हे दोन प्रश्न माझ्या मागे बरीच वर्षं लागलेले आहेत. ग्रंथांत त्यांची उत्तरं मिळतात, नाही असं नाही. पण इथे माणसांनी शंभर वर्षं चिखलात, दगडधोंड्यांत, पावसात उभं राहून हेच प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला. शिवाय नियम लिहून ठेवले, निकाल सालवार लिहून ठेवले. आमच्यासारख्यांना अशी सामग्री सहसा मिळत नाही.

स्पर्धेचं आजचं नाव ‘इंटरनॅशनल सिक्स डेज एन्ड्युरो’. १९८१ साली हे नाव पडलं. त्याआधी ती ‘इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल’ होती. मी तिला आज सोयीसाठी ‘सहा दिवस’ म्हणेन. नावात ‘ट्रायल’ जाऊन ‘एन्ड्युरो’ का आलं, हे लक्षात ठेवा. शेवटाकडे आपण तिथेच पोहोचणार आहोत.

तुमच्यातल्या तरुण मंडळींना डाकार रॅली माहीत असेल. वाळवंट, हेलिकॉप्टरं, टीव्हीवरची दृश्यं. ती डिसेंबर १९७८ मध्ये पॅरिसहून पहिल्यांदा निघाली. ‘सहा दिवस’ तिच्याहून पासष्ट वर्षांनी थोरली. तिला डाकारसारखं वलय कधीच मिळालं नाही, आणि मला वाटतं ते तिच्या स्वभावाला धरूनच आहे.

१९१३ : गाडी घरी पोहोचेल का?

पहिली स्पर्धा १९१३ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या उत्तर टोकाला, स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या कार्लाइल गावी झाली. त्या काळची मोटरसायकल डोळ्यांसमोर आणा. सायकलीसारखाच सांगाडा, त्यात बसवलेलं एक इंजिन. पुष्कळ गाड्यांना साखळीऐवजी चामड्याचा पट्टा; पाऊस लागला की पट्टा सटकायचा आणि इंजिन नुसतंच ओरडत राहायचं. दिवा कार्बाइडच्या गॅसवर चालणारा. रस्त्यांवर खिळे, नाला, खडी, त्यामुळे पंक्चर हा रोजचाच कार्यक्रम. अशी गाडी विकत घेणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ‘ही किती पळते?’ हा नव्हताच. त्याचा प्रश्न होता, ‘ही मला घरी पोहोचवेल का?’

आणि पळवायचीही कुठे? १९०३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर ताशी २० मैलांची मर्यादा होती, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर. ती १९३० साली उठली. तेव्हा वेगाची शर्यत रस्त्यावर लावणं शक्यच नव्हतं. मग संयोजकांनी वेगळी युक्ती काढली. मार्ग आखून द्यायचा, सरासरी वेग ठरवून द्यायचा, वाटेत चौक्या ठेवायच्या. प्रत्येक चौकीवर तुम्ही नेमक्या वेळेला हजर व्हायचं. उशीर झाला तर गुण कापले जाणार. फार लवकर आलात तरी कापले जाणार! आणि हे एक दिवस नाही, सलग सहा दिवस. एखादा दिवस कोणतीही गाडी चालते, नशीबही साथ देतं. सहा दिवस नशीब साथ देत नाही.

म्हणूनच नाव ‘ट्रायल’. हा शब्द न्यायालयातलाही आहे आणि प्रयोगशाळेतलाही. आपल्याकडे सोनं कसाला लावतात, तसं यंत्र कसाला लावायचं. पहिल्या वर्षी मुख्य ट्रॉफी ब्रिटनने जिंकली. पुढच्या वर्षी महायुद्ध पेटलं आणि स्पर्धा थांबली. ती पुन्हा सुरू झाली १९२० साली, फ्रान्समधल्या ग्रेनोब्लला. १९२० ते १९२२ अशी तीन वर्षं स्वित्झर्लंडने ट्रॉफी नेली, १९२३ ला स्वीडनने.

सुरुवातीच्या नियमांतला एक फार महत्त्वाचा. ट्रॉफीसाठी उतरणाऱ्या राष्ट्रीय संघाने आपल्याच देशात बनलेल्या मोटरसायकली वापरायच्या. म्हणजे परीक्षा नुसत्या स्वाराची नाही. लोहाराची, कारागिराची, कारखान्याची, एका अर्थी सगळ्या देशाची. ज्यांच्याकडे मोटरसायकलींचे कारखाने नाहीत त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी १९२४ साली ‘सिल्व्हर वाझ’, म्हणजे चांदीचा कलश, अशी दुसरी स्पर्धा जोडली गेली. तिथे गाडी कोणत्याही देशाची चालत असे.

या चांदीच्या कलशाची एक हकीकत सांगायलाच हवी. १९२७ साली स्पर्धा इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात, अँबलसाइडला होती. त्या वर्षी मार्जोरी कॉटल, एडिथ फोली आणि लुई मॅक्लीन या तीन स्त्रियांच्या ब्रिटिश संघाने तो कलश जिंकला. त्यांच्यासाठी वेगळा गट नव्हता. तोच मार्ग, त्याच चौक्या, तेच घड्याळ. ब्रिटनमध्ये २१ ते ३० वयाच्या स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला तो पुढच्या वर्षी, १९२८ ला. म्हणजे घड्याळाने कायद्याच्या आधी निकाल दिला, असं म्हणायला हरकत नाही. ‘सहा दिवसां’त स्त्रियांच्या संघांसाठी स्वतंत्र करंडक यायला २००७ साल उजाडलं.

मिलिंद राजाचा रथ

आता थोडं नियमांबद्दल. इथे माझ्यातला मास्तर जागा होतो, तेवढं सांभाळून घ्या.

दिवसभराचा पल्ला संपला की प्रत्येक स्वार आपली गाडी एका कुंपण घातलेल्या आवारात लावतो. त्याला फ्रेंच नाव आहे, ‘पार्क फर्मे’, म्हणजे बंद आवार. तिथे गाडीला कोणी हात लावायचा नाही. मालकानेही नाही. रात्रभर गाडी उघड्यावर, पावसात, थंडीत उभी. सकाळी सुटायच्या आधी दहा मिनिटं मिळतात, आणि त्या दहा मिनिटांत काय ते काम. मग सुरुवातीच्या रेषेवर येऊन एका मिनिटात इंजिन चालू करून गाडी पुढे न्यायची. नाही झाली, तर दिवसाची सुरुवातच दंडाने.

काम कोणी करायचं? स्वतः स्वाराने. पंक्चर त्याने काढायचं, चेन त्याने जोडायची, क्लचची वायर तुटली तर त्याने बदलायची. दिवसभर दगडांवरून हादरे खाऊन सुजलेल्या हातांनी, टॉमी लावून, काही मिनिटांत टायर उतरवून दुसरा चढवायचा. मेकॅनिक बाजूला उभा राहून सूचना देईल, पण पाना स्वाराच्याच हातात. आपल्याकडच्या एखाद्या चांगल्या पंक्चरवाल्याला हे दृश्य दाखवलं तर तो आधी हसेल, मग घड्याळ बघेल आणि मग गंभीर होईल.

आता खरी गंमत. सगळेच भाग बदलून चालत नाही. स्पर्धेआधी तपासणीत गाडीच्या काही भागांवर रंगाची खूण करतात: सांगाडा, इंजिनाची मुख्य पेटी, चाकांचे हब वगैरे. हे भाग शेवटपर्यंत तेच राहिले पाहिजेत. बाकी टायर, चेन, केबल, हँडल, खुशाल बदला.

म्हणजे बघा, कुणीतरी बसून ठरवलेलं आहे की मोटरसायकलीचं ‘तेच-पण’ कशात आहे. हा प्रश्न आपल्याकडे फार जुना. मिलिंद-पञ्ह या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. राजा रथातून आलेला असतो. नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? साटा, जू, लगाम? राजा प्रत्येकाला ‘नाही’ म्हणतो. मग रथ आहे कुठे? नागसेनाचं म्हणणं असं की, या सगळ्या भागांच्या आधाराने व्यवहारात चालणारं ते एक नाव आहे.

‘सहा दिवसां’चे तपासनीस नागसेनाचे अनुयायीच म्हटले पाहिजेत. सांगाड्यात गाडीचा आत्मा आहे, असा काही त्यांचा दावा नाही. त्यांनी व्यवहार ठरवला: एवढे भाग तेच राहिले, तर ‘तीच गाडी पोहोचली’ असं आपण सगळे मानू. पण हा व्यवहार प्रामाणिकपणे पाळला, तरच शर्यतीला अर्थ राहतो. रात्रीतून कोणी इंजिनच बदललं तर पोहोचणारी गाडी कितीही उत्तम असो, परीक्षा मात्र झालेली नसते. भरवसा तपासायची शर्यतसुद्धा शेवटी माणसांच्या भरवशावरच उभी असते. ही गोष्ट या शर्यतीला सर्वांत कठोरपणे शिकावी लागली ती १९३९ साली.

साल्झबर्ग, ऑगस्ट १९३९

१९२४ ते १९२९ या काळात ट्रॉफी सलग ब्रिटनकडे होती. १९३० आणि १९३१ ला इटली, १९३२ ला पुन्हा ब्रिटन. १९३३ साली वेल्समधल्या लॅंड्रिंडॉड वेल्स गावी जर्मन संघाने बीएमडब्ल्यूवर ती जिंकली. १९३४ आणि १९३५ ची स्पर्धा जर्मनीत झाली आणि ट्रॉफी तिथेच राहिली.

१९३३ हे साल तुमच्या ध्यानात आलंच असेल. हिटलर सत्तेवर आला ते वर्ष. मोटरसायकलीवरून रानावनातून वेळेत पोहोचणारा माणूस सैन्याला हवाच असतो. तो उद्याचा निरोप्या आणि टेहळ्या असतो. नाझी पक्षाची एनएसकेके नावाची मोटरदलाची संघटना होती. तरुणांना गाड्या चालवायला शिकवणं आणि ते शिक्षण लष्कराच्या कामी लावणं हे तिचं मुख्य काम. जर्मनीतला सगळा मोटरखेळ तिच्या ताब्यात गेला. ‘गाडी घरी पोहोचवेल का’ हा प्रश्न बदलून ‘गाडी आघाडीवर पोहोचेल का’ असा झाला. आणि हे एकट्या जर्मनीबद्दल म्हणणं न्यायाचं होणार नाही, कारण ब्रिटिश लष्करही पुढे आपले संघ या स्पर्धेत उतरवू लागलं.

१९३६, ३७, ३८ अशी तीन वर्षं ट्रॉफी ब्रिटनने परत मिळवली. १९३९ ची स्पर्धा साल्झबर्गला ठरली. साल्झबर्ग ऑस्ट्रियातलं, पण ऑस्ट्रिया आदल्याच वर्षी, मार्च १९३८ मध्ये, जर्मनीने गिळलेला होता. तारखा होत्या २१ ते २६ ऑगस्ट १९३९.

जरा कल्पना करा. ब्रिटिश स्वार, त्यात लष्करातले शिपाई-अधिकारीही, जर्मन भूमीवर आल्प्सच्या वाटांवरून चौक्या गाठत आहेत. स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी, २३ ऑगस्टला, मॉस्कोत जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांचा अनाक्रमणाचा करार होतो. पोलंडचं काय होणार हे आता शहाण्या माणसाला सांगायला नको. ब्रिटिश संघांना परत फिरण्याचे निरोप येऊ लागतात. यजमानांकडून, म्हणजे एनएसकेकेच्या प्रमुखाकडून, सुखरूप सीमेपार जाऊ देण्याचं आश्वासन मिळतं. पण त्या आश्वासनावर किती विसंबायचं? शेवटचा दिवस उजाडण्याआधी ब्रिटिश संघ स्पर्धा सोडून स्वित्झर्लंडच्या सीमेकडे निघतात. ज्या मोटरसायकलींची चाचणी घ्यायला ते आले होते, त्यांच्यावरूनच निघतात. यंत्रावर भरवसा होता. यजमानाच्या शब्दावर नव्हता.

स्पर्धा जर्मनांनी पूर्ण केली. आंतरराष्ट्रीय संघटनेने तो निकाल मान्य केला नाही. विजेत्यांच्या यादीत १९३९ ची जागा रिकामीच आहे. २६ ऑगस्टला स्पर्धा संपली. तिथून बरोबर सहा दिवसांनी, १ सप्टेंबरला, जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरलं.

योहान हुइझिंगा या डच इतिहासकाराचं ‘होमो लुडेन्स’ हे खेळावरचं पुस्तक १९३८ सालचं, म्हणजे याच्या एकच वर्ष आधीचं. त्याचा एक मुद्दा असा की, खेळ हा एका आखलेल्या वर्तुळात चालतो, आणि त्या वर्तुळातले नियम सगळ्यांनी मनापासून मानले तरच तो खेळ असतो. नियम मोडणारा फसव्या त्यातल्या त्यात बरा, कारण तो निदान नियम असल्याचा बहाणा तरी करतो. वर्तुळच पुसणारा माणूस खेळाचा खरा शत्रू. पुढे नाझींनी हुइझिंगाला १९४२ साली ओलीस धरून स्थानबद्ध केलं. फेब्रुवारी १९४५ मध्ये, हॉलंड पूर्ण मुक्त होण्याआधीच, तो वारला. साल्झबर्गच्या त्या आठवड्यात कुणी रंगाची खूण पुसली नाही, कुणी घड्याळ मागे-पुढे केलं नाही. सगळे नियम जागच्या जागी होते. वर्तुळ तेवढं उरलं नव्हतं.

बाटाचं गाव, जावा आणि बुलेट

युद्धानंतर स्पर्धा पुन्हा सुरू झाली ती १९४७ साली, चेकोस्लोव्हाकियातल्या झ्लीन गावी. हे गाव तुम्हाला अनोळखी वाटेल, पण तुमच्या पायांना ते ओळखीचं आहे. बाटा कंपनीचं हे मूळ गाव. १९४९ साली कम्युनिस्ट राजवटीने राष्ट्राध्यक्ष गोटवाल्डच्या नावावरून त्याचं नाव ‘गोटवाल्डोव्ह’ केलं. १९९० ला ते पुन्हा झ्लीन झालं. त्यामुळे ‘सहा दिवसां’च्या यादीत १९४७ ला झ्लीन दिसतं आणि १९५३, १९५५ ला गोटवाल्डोव्ह. गाव तेच, डोंगर तेच, चिखल तोच. नागसेनाला इथे पुन्हा हाक मारावी लागते.

१९४७ ची ट्रॉफी यजमान चेकोस्लोव्हाकियाने जिंकली. पुढची चार वर्षं ब्रिटन. त्यातल्या १९४८ च्या इटलीतल्या सॅन रेमोच्या स्पर्धेत आपल्याला विशेष रस असायला हवा. तिथे रॉयल एनफिल्डने ३५० सीसी ‘बुलेट’चे नवे नमुने उतरवले होते. नवं काय? तर मागच्या चाकाला शॉकअॅब्सॉर्बरचा झुलता आधार. आज हे वाचून हसू येईल, पण खडबडीत वाटेवर मागचं चाक सांगाड्याला पक्कं जखडलेलंच बरं, असं त्या काळच्या पुष्कळ जाणत्या स्वारांचं मत होतं. बुलेटच्या दोन स्वारांनी सुवर्णपदकं मिळवली आणि ब्रिटनने ट्रॉफी. वाद चर्चेने नाही, सहा दिवसांनी मिटला. पुढच्या काही वर्षांत भारतीय लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी हीच बुलेट निवडली आणि १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली. मूळ इंग्लंडमधला कारखाना पुढे बंद पडला. बुलेट मात्र इथे, आपल्याकडे, टिकली.

जावाचंही तसंच. चेक संघ जावावर बसून पन्नाशीच्या दशकात वारंवार आणि मग १९७० ते १९७४ अशी सलग पाच वर्षं ट्रॉफी जिंकत राहिला. त्याच घराण्यातली गाडी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून म्हैसूरला बनू लागली आणि पुढे ‘येझदी’ झाली. किक आणि गिअर एकाच दांडीवर असलेली ती गाडी तुमच्यापैकी पांढऱ्या केसांच्या मंडळींना आठवत असेल. पुण्यात, कोल्हापुरात, सोलापुरात किती जणांनी तिच्यावरून संसार ओढले! ‘काहीही करा, बंद पडत नाही’ ही तिची ख्याती अशा जंगलांतून आणि बंद आवारांतून शिकलेल्या कारखान्याची होती.

ब्रिटनने १९५३ ला, गोटवाल्डोव्हमध्ये, ट्रॉफी जिंकली आणि मग पुढची कित्येक दशकं ती त्यांना मिळाली नाही. ब्रिटिश कारखाने आपल्या जड, मोठ्या फोर-स्ट्रोक गाड्यांवर अडून राहिले. इकडे पूर्व जर्मनीच्या चोपाऊ गावातली एमझेड, झेकांची जावा, या हलक्या टू-स्ट्रोक गाड्या चिखलातून निसटून जात होत्या. १९६३ ते १९६७, सलग पाच वर्षं, ट्रॉफी पूर्व जर्मनीची. पहिला नियम आठवा: परीक्षा देशाच्या कारखान्याची. ती परीक्षा ब्रिटिश उद्योग नापास होत होता, दर वर्षी, जाहीरपणे. वाचायला मात्र कोणी तयार नव्हतं. सत्तरीच्या दशकात तो उद्योग जवळजवळ कोसळला.

१९६४ ची स्पर्धा पूर्व जर्मनीतल्या एरफुर्टला होती. बर्लिनची भिंत उभी राहून तीन वर्षं झाली होती. तिथे अमेरिकन संघ आला, ट्रायम्फ गाड्यांवर. आणि उद्घाटनाच्या संचलनात अमेरिकेचा झेंडा हातात घेतलेला माणूस होता नट स्टीव्ह मॅक्वीन. आदल्याच वर्षी त्याचा ‘द ग्रेट एस्केप’ आला होता: जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीतून पलायनाची कथा, आणि मोटरसायकलवरून तारेच्या कुंपणावर मारलेली ती उडी. पडद्यावर ती उडी खरी मारली होती मॅक्वीनचा मित्र बड एकिन्सने, आणि तोही या संघात होता. पडद्यावरची ती गाडीही जर्मन वेषातली ट्रायम्फच. एरफुर्टमध्ये मात्र कॅमेरा थांबवण्याची सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी बड एकिन्सच्या पायाचं हाड मोडलं आणि त्याच दिवशी मॅक्वीनही स्पर्धेतून बाद झाला. त्यांच्याच संघातल्या डेव्ह एकिन्स आणि क्लिफ कोलमन यांनी सुवर्णपदकं मिळवली. त्यांची नावं आज किती जणांना ठाऊक आहेत? माझ्या मते ‘सहा दिवसां’चा स्वभाव इथे पुरता दिसतो. चौकीवरच्या माणसाला तुमचं नाव नको असतं. त्याला तुमचं कार्ड आणि वेळ हवी असते.

‘ट्रायल’ गेलं, ‘एन्ड्युरो’ आलं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

जुन्या पद्धतीत सुवर्णपदकाचा अर्थ असा होता: ज्याने सहाही दिवस वेळापत्रक पाळलं, एकही गुण गमावला नाही, त्याला सुवर्ण. असे पाच निघाले तर पाच सुवर्णपदकं, पन्नास निघाले तर पन्नास. माझं सुवर्ण तुमच्या सुवर्णाच्या आड येत नाही. मापदंड बाहेर ठरलेला आहे. तो गाठायचा किंवा नाही गाठायचा.

पण गाड्या सुधारत गेल्या. इतक्या सुधारल्या की गुण न गमावणारे स्वार फार झाले. सगळेच निर्दोष ठरले तर ट्रॉफी कोणाला द्यायची? मग वाटेतल्या ‘विशेष चाचण्यां’ना महत्त्व आलं. म्हणजे मार्गातले ठरावीक तुकडे, जिथे घड्याळ लावून शक्य तितक्या वेगाने जायचं. सुरुवातीला या चाचण्या बरोबरी फोडण्यापुरत्या होत्या. हळूहळू त्याच मुख्य झाल्या. १९७० च्या सुमारास ‘आपल्याच देशाची गाडी’ हा नियमही गेला. १९७३ ला स्पर्धा पहिल्यांदा अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या डाल्टनला झाली. तिथे सिल्व्हर वाझ अमेरिकन संघाने जिंकला, तो स्वीडनच्या हुस्कवार्ना गाड्यांवर. आणि १९८१ ला, इटलीच्या एल्बा बेटावरच्या स्पर्धेपासून, नावातून ‘ट्रायल’ गेलं.

आज सुवर्णपदक मिळतं ते आपल्या गटातल्या सर्वांत वेगवान स्वाराच्या वेळेपासून ठरावीक टक्क्यांच्या आत राहणाऱ्याला. फरक लक्षात घ्या. पूर्वी मी किती चांगला, हे मार्ग ठरवत होता. आता मी किती चांगला, हे दुसरा किती पुढे आहे त्यावर ठरतं. मी तसाच चालवली, तितक्याच वेळात पोहोचलो, पण यंदा पुढे कोणी विलक्षण वेगवान स्वार निघाला, तर माझं सुवर्ण गेलं.

हे ऐकताना तुमच्यातल्या पालकांना काहीतरी आठवलं असेल. मी आयुष्यभर पेपर तपासले. एके काळी साठ टक्क्यांना पहिला वर्ग होता. वर्गातल्या दहांना मिळाला काय आणि चाळिसांना मिळाला काय, कोणाचं काही जात नव्हतं. आता सीईटीच्या मुलाला मी विचारतो, ‘किती आलं?’ तर तो पर्सेंटाइल सांगतो. म्हणजे त्याला काय येतं ते सांगत नाही. त्याच्या मागे किती जण आहेत ते सांगतो. जागा थोड्या आणि मुलं फार, तेव्हा क्रम लावावा लागतो हे मलाही कळतं. पण क्रम लावणं आणि परीक्षा घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम सोयीचं म्हणून दुसरं झालंच आहे असं आपण धरून चालतो, तिथे घोटाळा होतो. पुलावरून जाताना तो बांधणारा इंजिनिअर वर्गात कितवा आला होता, याच्याशी मला कर्तव्य नसतं. पूल टिकेल का, एवढंच मला हवं असतं.

वेगाच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर मी जुन्याचा वकील ठरेन. विशेष चाचण्या आल्या नसत्या तर ही स्पर्धा कदाचित मेलीच असती. जो प्रश्न सुटला, त्याची परीक्षा किती वर्षं घेत बसणार? गाडी घरी पोहोचवते, हे सिद्ध झालं होतं. स्वाराचं कौशल्य किती, हा नवा प्रश्नही खराच आहे, आणि त्याला उत्तर देण्याचं धाडस कमी मोलाचं नाही. संस्था टिकतात त्या अशाच, नवे प्रश्न पोटात घेऊन. ‘सहा दिवसां’च्या सांगाड्यावर रंगाची खूण करायची झाली तर ती कशावर करायची, एवढं मात्र आपण विचारायला हवं. टायर बदलला, चेन बदलली, हँडल बदललं, हरकत नाही. पण कुठले भाग तेच राहिले?

मी यादी करून पाहिली. सहा दिवस तेच राहिले. बंद आवार तेच राहिलं. पाना स्वाराच्याच हातात, हेही राहिलं. गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य हवी, दिवा हवा, नंबरप्लेट हवी, आणि दोन चाचण्यांच्या मधल्या सार्वजनिक रस्त्यावर रहदारीचे नियम पाळायचे, हेही राहिलं. नवी भरही पडली: मागच्या टायरच्या नक्षीची उंची १३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे वाटेची माती फार उकरली जाऊ नये. ज्या जमिनीवर परीक्षा द्यायची तिचाही विचार नियमात आला, हे मला सुधारणेचं लक्षण वाटतं.

आणि राहिलं ते कांस्यपदक. त्याची मला सर्वांत जास्त किंमत वाटते. आजही ‘सहा दिवसां’त जो जो शेवटपर्यंत पोहोचतो, त्याला कांस्यपदक मिळतं. पहिल्यापासून तासभर मागे असला तरी मिळतं. शेकडो स्वार दर वर्षी नोकरीतून रजा काढून, पदरचे पैसे घालून येतात ते त्या पदकासाठी. त्यांतल्या बहुतेकांना पहिल्या दिवसापासून पक्कं ठाऊक असतं की आपण जिंकणार नाही. सहाव्या दिवशी फुटलेल्या हातांनी, वाकलेल्या हँडलने, पण रंगाची खूण असलेल्या त्याच सांगाड्यावर बसून ते रेषा ओलांडतात.

ऑलिम्पिकमध्ये कांस्य म्हणजे तिसरा क्रमांक. इथे कांस्याला क्रमांकच नाही. १९१३ साली कार्लाइलला विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर आहे: पोहोचला का? होय, पोहोचला.

जिंकण्याची किंमत दुसरे ठरवतात. टिकण्याची किंमत वाट ठरवते. आपल्या शाळांत, कचेऱ्यांत, घरांत आपण मुलांना कुठलं पदक दाखवतो, याचा विचार व्हावा एवढ्यासाठी मी हा विषय घेतला. आता तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.